हाकेला ओ

हनुवटी इथं टेकवा, नेमगोंडाअण्णा.
कपाळ पट्टीला लावा. आता हिरव्या दिव्याकडं बघा.
ते म्हणतात, कुठला दिवा?

राजारामपुरीतल्या दवाखान्याच्या तळमजल्यावर
अकरा वर्षं मी
माणसांच्या डोळ्यांच्या मागच्या भिंतीचे फोटो काढते.
दंडातून पिवळा रंग सोडायचा,
दहा-बारा सेकंद मोजायचे,
की उजळत जातात रक्ताच्या वाटा,
आधी जाड, मग बारीक,
मग इतक्या बारीक
की त्यांना नाव हुपरीच्या कारागिरानंच द्यावं.

अण्णा हुपरीचेच. बेचाळीस वर्षं पैंजणाच्या कड्या जोडल्या.
चांदीची तार जंतरातून ओढायची,
मोठ्या भोकातून लहान भोकात,
लहानातून आणखी लहान.
"थांबायचं कवा ते हाताला कळतंय," म्हणाले,
"तारेला न्हाई कळत."

आता पडद्यावर त्यांचा उजवा डोळा.
साखरेनं बुजत गेलेल्या वाटा,
पलीकडं रक्त न पोचलेला काळा पट्टा,
आणि त्या पट्ट्याच्या काठाकाठानं
घाईघाईत विणलेलं एक जाळं,
वेडंवाकडं, कच्च्या जोडाचं.
टोकाटोकातून पिवळा रंग पाझरतो
आणि काचेवर वाफ धरावी तसा पसरतो.

हे कुणी केलं, त्यांची सून त्रिशला विचारते.
डॉक्टर म्हणतात, वाढीचा घटक.
पेशींना प्राणवायू कमी पडला की त्या तो सोडतात.
ती मान हलवते. पोचलेलं नसतं.
डॉक्टर पुढच्या पेशंटकडं जातात,
आणि मी, माझं काम नसताना, सांगायला लागते:

तुमचं माहेर शिरोळकडचं ना?
पुरात माळ्यावर अडकलेली माणसं रात्रभर हाका मारत होती,
आणि होडी नव्हती.
मग कुणीतरी गुऱ्हाळावरची काहील पाण्यात सोडली.
ऊस उकळायची ती. वल्ह्याला फळी.
तळातून पाणी येत होतं,
एक माणूस वल्हवायचा, दुसरा डब्यानं उपसायचा.
"माझा चुलता होता त्यात," त्रिशला म्हणते.
हां. तर तशी.
ती काही बुडवायला आली नव्हती.
हाकेला ओ देऊन आली होती.
फक्त डोळ्यात काहिली येतच राहतात,
आणि गळतात, आणि परत जात नाहीत.

हाच घटक पोटातल्या बाळाच्या डोळ्यात
पहिल्या वाटा आखतो.
अण्णांची बोटं बघा,
फुंकनळीच्या जाळानं किती वेळा भाजली
आणि किती वेळा भरून आली.
तिथंही हाच राबत होता.

सुई डोळ्यात?
हो. बधिर करून. डोळ्याच्या पांढऱ्या भागातून.
औषध काय करतंय?
हाक अडवतं, मी म्हणाले.
अण्णा बराच वेळ गप्प.
"म्हंजे वरडणाऱ्याच्या तोंडावर हात.
भूक हाय तितंच हाय."

मला उत्तर आलं नाही.
मी कॅमेऱ्याची काच पुसली, ती स्वच्छच होती.
कागदावर लिहिलं होतं: तीस दिवसांनी पुन्हा.
त्रिशलानं आकडा वाचला, पदराखाली बोटांवर काहीतरी मोजलं.

तिसऱ्या सुईनंतर आले, आषाढ संपत होता.
जाळं विरळ झालेलं. काळा पट्टा तिथंच.
मध्यावर एक गडद ठिपका, तो मी बोटानं दाखवला.
"आमच्यात दागिन्याला डाग म्हंत्यात," अण्णा हसले,
"जोडाला बी डाग, धोतरावर पडतो त्यो बी डाग.
ह्यो त्यातला कुठला?"

हनुवटी टेकवा, अण्णा.
हिरवा दिवा दिसतो?
"हाय कायतरी," ते म्हणाले.
"तुमी हिरवं म्हणा."